मूठभर भाजलेले जव

जॉन्सनव्हिल, ऑगस्ट २००६

प्रिय बाबा,

इकडे यायची डिसेंबरची तिकिटं काढू का, असं आईने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा विषय बदलला. का बदलला ते तुम्हाला कळायला हवं. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय.

गेली दोन वर्षं मी घराच्या गॅरेजमध्ये बियर बनवतो. तुम्ही दारू सोडलीत त्याला अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. इथे पुष्कळ जण हा उद्योग करतात. सामान जवळच्या पोरिरुआ गावातल्या एका दुकानात मिळतं. तुमची सून म्हणते, ह्याला प्यायची हौस कमी आणि खटाटोपाची जास्त. ते खरंच आहे.

मोड आणून वाळवलेले जव भरडून तासभर गरम पाण्यात ठेवले की पाणी गोड होतं आणि त्या पाण्याची बियर होते. पहिल्या खेपेला मी सगळेच्या सगळे जव ओव्हनमध्ये खमंग भाजले. फुटाण्याच्या भट्टीवर वाढलेल्या माणसाला न भाजलेलं धान्य कच्चंच वाटणार. पाण्याला गोडी येईना, नुसती काळपट पेज झाली. दुकानदार पोट धरून हसला. गोडी न भाजलेल्या दाण्यांची, म्हणाला. भाजलेले घालायचे ते मूठभर, रंगाला आणि चवीला. तेव्हापासून मला त्या मूठभरांचाच नाद लागलाय. वीस मिनिटं भाजले तर बिस्किटाचा वास येतो, चाळीस मिनिटं भाजले तर कॉफीचा. मधलं काही हाती लागत नाही. गेल्या महिन्यात नाचणीही भाजून पाहिली. तुम्ही कढईतली वाळू हलवता हलवता एक दाणा दाताखाली धरायचात आणि सांगायचात, उतरव आता. मला ओव्हनच्या काचेतून ते कळत नाही. वाळूत आच चहूकडून लागते, म्हणून का हो?

रजा नाही, घर लहान आहे, इथला वारा तुम्हाला सोसणार नाही, ही मी याआधी दिलेली सगळी कारणं खोटी होती. गॅरेजमध्ये चाळीस बाटल्या आणि घरात तुम्ही, याची मला भीती वाटली. भट्टीशेजारच्या परमिट रूमवरून तुम्ही रोज सरळ घरी येता, हे ठाऊक असूनही वाटली. माझं चुकलं, बाबा. मला तुम्ही इथे हवे आहात. तुम्ही म्हणालात तर सगळं सामान मित्राकडे नेऊन ठेवतो, नको म्हणालात तर आहे तिथेच राहील. ते तुम्ही ठरवा. इतके दिवस तुमच्या वतीने मीच ठरवत होतो.

तुमचाच,
रमण