कोबाल्टचा शेक

बाबा, आज बारावीच्या वर्गात पुन्हा तोच कोबाल्ट निघाला आणि अर्ध्या वर्गाने पुन्हा तीच चूक केली. कोबाल्टचा अणुक्रमांक सत्तावीस, त्यातून ऋण एक भाराचा इलेक्ट्रॉन बाहेर पडला, तर म्हणे उरले सव्वीस! एक गेला की एक कमी, एवढाच यांचा हिशेब. वरची वस्तुमानांकाची साठची बेरीज जुळते, खालची अणुक्रमांकाची जुळत नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. घसा बसेपर्यंत ओरडले. ओरडता ओरडता तुमचाच राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

अजून डोळ्यांसमोर येते ती यवतमाळहून नागपूरला जाणारी एसटी. तुमच्या घशाच्या कॅन्सरला कोबाल्टच्या किरणांचा शेक द्यायचा म्हणून आपण निघालोय. आईने दिलेला डबा माझ्या मांडीवर आहे. शेकाची जागा म्हणून डॉक्टरांनी तुमच्या मानेवर शाईने आखलेली चौकट कॉलरमधून दिसते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही मात्र खिशातून खडू काढता, निवृत्त झाल्यावरही खिशात खडू, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर कोबाल्ट लिहिता. "त्या मशीनीत हेच हाय. सोडव." मी सव्वीस लिहिते. तुम्ही बसक्या आवाजात खेकसता, "अवं, ऋण भाईर गेला तं आत धन वाढन का घटन? अठ्ठावीस! निकेल झालं. न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला, दोघायचं वजन जवळपास सारखंच. इलेक्ट्रॉन म्हंजे कापसाच्या गाठोड्याले चिकटलेली सरकी, तिले कोन जोखते?" कंडक्टर येऊन म्हणतो, "गुरुजी, गाडी हाय का शाळा हाय? पुसा ते." तर तुम्ही त्यालाच निकेल विचारता. दवाखान्यातही तेच. शेक देणाऱ्या बाई शेकाला 'करंट' म्हणाल्या, तर तुम्ही टेबलावर आडवे पडून त्यांना गॅमा किरण समजावू लागलात. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

परतताना मी धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाले भेव नाही वाटत काय?" तुम्ही पुन्हा खडू काढलात आणि म्हणालात, "आता अल्फाचं घे. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन भाईर. रेडियम सोडव." हद्द झाली! मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता, हो किंवा नाही. त्यावरून घरी आईला काय सांगायचं, कितपत आशा धरायची, ते मी ठरवलं असतं. तुम्ही तो शेवटपर्यंत दिला नाहीत. गणितं मात्र शेवटच्या आठवड्यातही घातलीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही रेडियम म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. तुम्ही 'हो' म्हणाला असतात, तर त्या भरल्या गाडीत तुमचा हात धरावा लागला असता, आणि ते मला येत नव्हतं, बाबा. रेडियम येत होतं.