'नऊ पायऱ्या'चा शेवटचा सूर

२ सप्टेंबर २००६, शनिवार

पाटीचा मजकूर आला. पितळेची, दीड फूट लांब. बसवायची मीच – गावात सुतार मी एकटा उरलो, आणि चॅपलच्या किल्ल्याही माझ्याकडेच.

"१४ ऑक्टोबर १९६७ रोजी याच ऑर्गनवर रे हॉल्डनने जगाचा निरोप घेतला."

जगाचा निरोप! रे गेला पुढच्या सप्टेंबरात, वरच्या धरणात बुडून. इथे आमच्या चॅपलमध्ये त्याने आणि त्याच्या 'गॅस मँटल्स' या बँडने एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, एवढंच. पण चाहत्यांचं म्हणणं वेगळं. 'नऊ पायऱ्या' या गाण्याचा शेवटचा सूर खूप वेळ धरलेला आहे, आणि मग तो खाली घसरत जातो. बुडतो म्हणा ना. मग लाकडाची एक करकर. मग अकरा सेकंद काहीच नाही. चाहत्यांनी चाळीस वर्षांत त्याचा अर्थ लावून ठेवलाय – सूर बुडतो म्हणजे रे स्वतः बुडणार. करकर म्हणजे शवपेटीचं झाकण. अकरा सेकंद म्हणजे त्याच्या आयुष्याचे उरलेले अकरा महिने. आणि नऊ पायऱ्या धरणाच्या.

मीही हे मानत आलोय. तो सूर ऐकला की अंगावर काटा येतोच.

पडदा ओढणार डोरीनबाई. रेची धाकटी बहीण. हॉल्डनांपैकी गावात आता त्याच एक. त्यांनी मजकूर वाचलाय का? मला विचारायचा धीर होत नाही.

४ सप्टेंबर

ऑर्गनच्या बाकाची खुंटी पुन्हा सैल झालीय, समारंभाआधी ठोकायला हवी. वरचा आरसाही पुसायचाय – वाजवणाऱ्याला पाठीमागचं दिसावं म्हणून लावलेला. सध्या त्यात जळमटंच दिसतात.

९ सप्टेंबर, शनिवार

पेनफोल्ड आले होते. चाहत्यांच्या मंडळाचे प्रमुख. दक्षिणेकडचे, निवृत्त भूगोल शिक्षक. माणूस सज्जन. येताना बिस्किटांचा डबा आणतात आणि निम्मी बिस्किटं स्वतःच खातात.

त्यांना वडिलांना भेटायचं होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ऑर्गनचा भाता मारायला वडील होते, हे त्यांना कुठल्याशा जुन्या वहीत सापडलं. (तेव्हा भाता हातानेच मारायचे. भात्याला विजेची मोटर चार वर्षांनी बसली. मी दहा वर्षांचा, गोवर निघून घरी पडलेलो, म्हणून मी काहीच पाहिलेलं नाही.)

"ग्रिमशॉसाहेब, तुम्ही तर साक्षीदार!" पेनफोल्ड म्हणाले. "तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"खांदा दुखला," वडील म्हणाले.

पेनफोल्ड हसले. मग त्यांनी छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि गाणं लावलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं – वडिलांनी हे गाणं कधी ऐकलेलंच नाही! आमच्या घरी ग्रामोफोन नव्हता. स्तोत्रांखेरीज दुसरं गाणं वडिलांनी घरात येऊ दिलं नाही. मी ऐकायचो ते मित्राच्या घरी, चोरून.

वडील मान हलवत ऐकत होते. शेवटचा सूर आला. घसरू लागला. वडिलांचा हात कपावरच थांबला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"हे... हे ठेवलं त्यांनी?"

"म्हणजे काय!" पेनफोल्ड म्हणाले. "यासाठी तर जगभरातून लोक येतात."

वडील उठले आणि परसात गेले. चौऱ्याऐंशीचे आहेत, काठी घेतल्याशिवाय हलत नाहीत. आज काठी खुर्चीलाच राहिली. पेनफोल्ड ते यंत्र समारंभासाठी आमच्याकडेच ठेवून गेले.

१० सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर वडील बाकावरून हलेनात. सगळे गेल्यावर म्हणाले, "पोरा, तो सूर बुडला तो माझ्यामुळे. मी भाता सोडला, हवा संपली."

जसं सांगितलं तसं लिहितो.

भाता मारणारा ऑर्गनच्या पाठीमागे. दोरीला शिशाचं वजन असतं, ते खुणेच्या वर गेलं, म्हणजे हवा कमी झाली, की दांडा हाणायचा. तिथून चॅपलमधलं काही दिसत नाही. फक्त एक वीतभर खिडकी, पुलाकडच्या रस्त्यावरची. रे शेवटचा सूर धरून बसलेला. आणि रस्त्यावरून जो हेप येत होता. एकटाच, पायी. काखेत पेटी. लहानशी, पांढरी. त्याचं बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. ना घंटा, ना माणसं.

"मग मी काय करणार?" वडील म्हणाले. "पेटी चाललीय समोरून, आणि मी दांडा हाणत बसू? टोपी काढली, उभा राहिलो. जो पुलापलीकडे जाईपर्यंत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं रे. कोणीतरी उभं राहायला हवं होतं."

आमच्याकडे अजून असंच आहे. पेटी जाताना हातातलं काम खाली ठेवतात, उभे राहतात. गिरणीतले लोकसुद्धा ठेवायचे.

"मग रे काही बोलला?"

"मागे आला. माझ्याकडे बघितलं. 'आभारी आहे, ग्रिमशॉसाहेब' म्हणाला. असा टोमणा मारला बघ! वर्मी लागला. मग त्यांनी ते गाणं आणखी दोनदा वाजवलं, मी एकदाही थांबलो नाही. मला वाटलं, चांगलं तेच ठेवलं असेल. आणि इतकी वर्षं माझा घोटाळा जगभर वाजतोय! भले लोक ते. कोणी बोललं नाही, इतकंच."

आणि मग माझा हात धरून – "कोणाला सांगू नकोस. मी गेल्यावरही नको."

मी हो म्हणालो. चॅपलमध्ये बसून हो म्हणालो!

१२ सप्टेंबर

झोप नाही. प्रार्थना करतो, पण मध्येच तो सूर येतो.

पाटी खोटी आहे हे मला माहीत आहे. आणि तिला भोकं पाडणारा मीच.

१७ सप्टेंबर, रविवार

आज डोरीनबाई थांबल्या. पडद्याचं कापड दाखवायला. निळं, त्यांच्या आईच्या कपाटातलं.

"तुम्ही मजकूर वाचलात ना?" मी विचारलं.

"वाचला की. वाचता येतं मला, क्लिफ." मग कापडाची घडी करत म्हणाल्या, "त्या नऊ पायऱ्या आहेत ना, त्या आमच्या कोळशाच्या तळघराच्या. बारा वर्षांचा होईस्तोवर घाबरायचा तिथे. आई मुद्दाम त्यालाच कोळसा आणायला पाठवायची. मी पेनफोल्डना दोनदा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, छापलं नाही. कुत्र्याचंही नाही छापलं."

कुत्र्याचं मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. शेजाऱ्यांचं कुत्रं धरणात पडलं म्हणून रे उतरला. कुत्रं ओलंचिंब घरी आलं. चौकशीत अपघातच ठरला.

"मग तुम्ही पाटीला हो का म्हणालात?"

त्यांनी घडी पुन्हा उलगडली. "कारण तो सूर, बाबा. पायऱ्या कोळशाच्या, कुत्रं खरं – पण तो सूर? तो तर त्यानेच वाजवला. आईने तो एकदा ऐकला आणि तबकडी कपाटात टाकली. आपल्या मुलाने मनाशी ठरवलं होतं आणि आपल्याला कळलं नाही – हेच धरून गेली ती. मी शेवटपर्यंत कधी ऐकलंच नाही. पण इतक्या लोकांना कान आहेत. एवढे सगळे चुकतील कसे?"

मला तेव्हाच सांगायचं होतं. त्याऐवजी कापडाचं दुसरं टोक धरलं.

घरी आलो तर वडील खिडकीशी. "काय म्हणाली डोरीन?"

"पडदा निळा आहे," मी म्हणालो.

२३ सप्टेंबर, शनिवार

पेनफोल्डना फोन केला. आडून विचारलं – भाता मारणाराच थांबला असेल तर?

"अहो, भात्याचा सिद्धांत!" ते खूश झाले. "तो १९८३ सालीच निकालात निघाला. समजा, थांबला. पण त्या दिवशी गाणं तीनदा वाजवलं. दोन वेळा सूर सरळ आहे, आमच्याकडे पुरावा आहे. तरी रेने बुडालेलाच ठेवला. हातात दोन चांगले असताना! का? मला सांगा, का?"

फोन ठेवला आणि जिन्यावरच बसलो.

बरोबरच आहे त्यांचं! वडिलांनी सूर बुडवला, पण निवडला रेनेच. म्हणजे सत्य सांगूनही डोरीनबाई सुटत नाहीत. उलट जास्तच अडकतात. आणि वडिलांचं गुपित फुकट जातं. मग गप्प बसणंच बरं? की मला गप्प बसायचंय म्हणून हे पटतंय?

२४ सप्टेंबर

आजच्या उपदेशातलं अक्षर ऐकलं नाही. ऑर्गनकडेच बघत होतो.

१ ऑक्टोबर, रविवार

वडिलांना डोरीनबाईंचं सगळं सांगितलं. त्यांच्या आईचंही. राहवलं नाही.

वडील जेवता जेवता थांबले. "म्हणजे हॉल्डनची म्हातारी... माझ्या टोपीपायी?"

"तुमच्या टोपीपायी नाही. लोकांनी अर्थ लावला म्हणून."

"लोकांना अर्थ लावायला दिलं कोणी?" ताट सरकवलं. भाजलेलं मटण होतं, त्यांच्या आवडीचं. "मला डोरीनकडे घेऊन चल. माझं मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."

मग पेनफोल्डचा प्रश्न सांगितला – तीनांतला हाच का ठेवला? वडील म्हणाले, "ते मला काय माहीत? मला माहीत आहे तेवढं मी सांगणार."

मला हे जमलं असतं? नसतं.

७ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. वडिलांनी रविवारचा कोट घातलेला. डोरीनबाई इस्त्री करत होत्या – तोच निळा पडदा.

वडील बसले नाहीत. उभ्याने सगळं सांगितलं. जो हेप, पांढरी पेटी, टोपी. आणि शेवटी, "तुझ्या भावाचं गाणं मी बिघडवलं, आणि तुझ्या आईचं... मला क्षमा कर म्हणायचीही लायकी नाही."

डोरीनबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. मला वाटलं, रडतील. नाही.

"वॉल्टरकाका, जो हेपचं बाळ मला आठवतं. आईने त्याचं झबलं शिवलं होतं." मग त्यांनी विचारलंच. "पण मग रेने तेच का ठेवलं?"

वडिलांनी मान खाली घातली.

दारापर्यंत सोडायला आल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला."

"महिनाभर मला पडदा शिवू दिलास!"

दार जोरात नाही लावलं. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

८ ऑक्टोबर

डोरीनबाई उपासनेला आल्या नाहीत. त्या चुकलेल्या मला आठवत नाहीत.

१० ऑक्टोबर

शनिवारी समारंभ. साठ जण येणार, पेनफोल्ड कळवतात. पाटी स्वयंपाकघरात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चालणाऱ्या-फिरणाऱ्याला ठेच लागते. वडील तिच्याकडे बघत नाहीत.

मी काय करू? बसवली तर खोटं. नाही बसवली तर कोणत्या कारणाने? परमेश्वरा, मी शहाणा माणूस नाही. मला एक सरळ काम दे.

११ ऑक्टोबर

डोरीनबाईंचा निरोप: "उद्या दुपारी चॅपल उघडं ठेव. वडिलांना आण. पेनफोल्डचं ते यंत्रही आण."

एवढंच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

डोरीनबाई ऑर्गनच्या बाकावर बसल्या, रे बसला होता तिथे. "लाव," म्हणाल्या. पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. सूर बुडाला. करकर झाली. अकरा सेकंद. आम्ही कोणी हललो नाही.

मग त्यांनी वर पाहिलं. आरशात. तो मी परवाच पुसलाय. "क्लिफ, यात मागच्या खिडकीतला पूल दिसतो," त्या म्हणाल्या. आणि नीट बघायला उभ्या राहिल्या.

बाक करकरला.

तीच करकर! खुंटी ठोकायची राहूनच गेली होती.

त्या खाली बसल्या. पुन्हा उठल्या. पुन्हा तीच.

"उभा राहिला होता तो," डोरीनबाई म्हणाल्या. "बाळाची पेटी जात होती, म्हणून तेच ठेवलं त्याने. बसून राहिला असता तर आईने कान उपटले असते त्याचे!" हसत होत्या. डोळ्यांतून पाणी.

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"मग ते 'आभारी आहे' टोमणा नव्हता," म्हणाले.