टोपड्यातली चाळीस कणसं

आष्टा,
संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप रंगूआक्काच्या पायांवर धाकट्या नाथाजीचं डोकं (कानटोपीसकट, इकडे थंडी फार आहे). तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमची ती मारकी म्हैस, दिघंचीत सगळं ठीक असेल असं धरून चालतो. फोनच करणार होतो. पण मी फोन लावला की तुझी भावजय सुला शेजारी येऊन उभी राहते आणि माझी हकिकत मी सांगायच्या आधीच दुरुस्त करते. म्हणून पत्र.

तर आक्का, आपल्या आईच्या शाळूला चांगले दिवस आले होते. जुनी बियाणं जपणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलं, की आई दरसाल पेरायची ती ज्वारी आता या भागात दुसऱ्या कुणाकडे दिसत नाही, आधी हुरड्यात येऊन फोटो काढू आणि दाणा पक्का झाला की दोन किलो बियाणं नेऊन थंड खोलीत जपून ठेवू. वर पाटी लागणार होती, ‘जतनकर्ते : सुभेदार नाथाजी’. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव फक्त पत्र्याच्या ट्रंकेवर लिहिलं गेलं, त्यामुळे मी जरा हुरळलो. रान भरगच्च दिसावं म्हणून मडक्यातलं सगळं बियाणं पेरून टाकलं, एक दाणा मागे ठेवला नाही.

आता इकडे चारी बाजूंना ऊस. वाळवा तालुक्यातल्या पाखरांना दाणा दिसायची जागा एकच, माझा पाच गुंठ्यांचा तुकडा. मी माळा बांधला, गोफण घेतली, पत्र्याचा डबा बडवला. पोपट लांबच्या बाभळीवर बसून वाट बघायचे आणि मी जेवायला गेलो की उतरायचे (माझ्या जेवणाची वेळ त्यांना कोण कळवतं, याचा तपास चालू आहे). शेवटी सुलाचं लाल ठिपक्यांचं लुगडं फाडून (ते जुनं आहे असा माझा समज होता) चाळीस नामी कणसांना बाळासारखी टोपडी बांधली. बाकीच्या रानात दाणे टिपलेली नुसती बुरकुंडं उरली. तरी मला चिंता नव्हती, बियाण्याला चाळीस कणसं पुष्कळ झाली.

मागच्या गुरुवारी संस्थेच्या साक्षी मॅडम आणि तीन साहेब आले. हुरड्याच्या दिवसांत बांधावर आलेला माणूस कोरड्या तोंडानं परत पाठवायची आपल्या घरात रीत नाही, हे तुला सांगायला नको. मी आगटी पेटवली आणि आपला वाटेकरी गुंडा, त्याला म्हणालो, “पावन्यांसाठी भरल्याली कणसं बघून आण रं.” त्यानं आणली. भाजून, चोळून, लसणाच्या चटणीबरोबर सगळे खायला बसले. मॅडमनी पहिल्या घासाला डोळे मिटले. “ही जात टिकलीच पाहिजे,” म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी म्हणालो, असा शाळू तालुक्यात दुसरीकडे नाही. ते खरंच होतं आणि दर घासागणिक जास्त खरं होत चाललं होतं. कौतुकाच्या भरात मीही सात-आठ कणसं खाल्ली.

मग सुलानं हात पुसायला फडकी दिली. लाल ठिपक्यांची.

मी गुंड्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, “आवं, अख्ख्या रानात भरल्याली तेवढीच व्हती. मला वाटलं, तुमीच टोपडी घालून पावन्यांसाठी राखून ठेवली हायती.” मंडळी तृप्त होऊन गेली. माघी पौर्णिमेला बियाणं न्यायला येतात. मी “जरूर या” म्हणालो आणि सॅल्यूट ठोकला.

आक्का, पाटीचं मला काही वाटत नाही (थोडं वाटतं). पण आईनं जन्मभर निवडून, पाखडून चालू ठेवलेलं बियाणं मी चटणी लावून खाल्लं, याचं फार वाईट वाटतं. त्या दिवसापासून भाकरी गोड लागत नाही.

दाजींना नमस्कार. म्हशीला लांबून.

तुझा,
नाथा

ता. क. पत्र सहज लिहिलं. काही काम नाही.

ता. क. दुसरा : काम आहे. तीन वर्षांपूर्वी तू माहेराहून निघालीस, तेव्हा एसटी स्टँडवर चारचौघांत मी तुझी पिशवी उपसली आणि आईचं बियाणं दुसऱ्या घरात जाणार नाही म्हणून आतला शाळू काढून घेतला. तेव्हापासून तू आली नाहीस. माझं चुकलं. त्या दिवशी तुझ्या पदराला एक गाठ होती. ती मी बघितली होती, सोडायला सांगणार तेवढ्यात गाडी हलली. त्या गाठीत शाळू होता आणि तू तो पेरलास, एवढं एकदा कळव.

ता. क. तिसरा : कळवू नकोस, मीच येतो. संस्थेपुरता दे आणि मला एक मूठ दे. मी कितीही हट्ट केला, तरी सगळा माझ्या हाती देऊ नकोस.