नव्या इंजिनाचं वऱ्हाड

२१ ऑगस्ट

नापास!

इंजिन बदललेली गाडी नेहमीच्या धूर तपासणीत पास होत नाही, सरकारी रेफरीकडे न्यावी लागते. रेफरी म्हणजे मिस थाओ. बारीक चणीची बाई. बॉनेट उघडलं, आरसा घालून पाहिलं, गाडीखाली शिरली. अठ्ठ्याऐंशीच्या पिकअपमध्ये शहाण्णवचं इंजिन — ते चालतं म्हणाली. पण त्या इंजिनाबरोबर धुराचं सगळं सामानही यायला हवं. पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा नाही. धुराच्या नळीवरचा मागचा सेन्सर नाही.

"जावई तेवढा आणलात," म्हणाली, "वऱ्हाड कुठंय?"

इंजिन बसवलं माझ्या नवऱ्यानं, फिदेनं. घरापर्यंत नुसता धुसफुसत होता. "तेलाच्या विहिरींवर जन्म गेला माझा! ही मला डबे शिकवणार!"

पण मी ठरवलं, पास करून घेणारच.

२२ ऑगस्ट

डॉक्टरांनी परत तेच सांगितलं — या खोऱ्यातली हवा सोडा, नाहीतर दमा सोडणार नाही. बहीण नोएमी समुद्रकाठी राहते, मोरो बेला. तिथल्या बेकरीत ऑक्टोबरपासून मला काम आहे. पण रेफरीचं लेबल नाही तर गाडीची नोंदणी नाही, आणि गाडीशिवाय तिकडे निभायचं नाही.

फिदे येणार नाही. "बापाला इथं पुरलंय. मासळीच्या वासात कोण मरेल!"

ठीक. मी एकटी जाईन.

२९ ऑगस्ट

बदाम पाडायला बागांतून झाडं यंत्रानं हलवायला सुरुवात. घरभर धूळ. दम्याचा फवारा दोनदा ओढला.

१ सप्टेंबर

दीर आला, रोहेलियो. मेनुदो सुपाची वाटी संपवली, मग हळूच — "वहिनी, एक माणूस आहे माझ्या ओळखीचा. लेबलसकट सगळं जमवून देतो. रेफरीचं तोंडसुद्धा बघायला नको."

"आणि धूर?"

"एका पिकअपनं काय होतंय गं?"

"या गावात जो तो हेच म्हणतो, रोहेलियो. आणि तो धूर छातीत ओढते मी! आता माझ्याच हातानं त्यात भर घालू?"

"संतीण झाली आमची वहिनी!" म्हणून हसला. फिदेला वाटलं असेल, साथ द्यावी भावाला. पण तो तोर्तियाची पोळी मोडत बसला.

६ सप्टेंबर

भंगारवाल्याकडे गेलो. ज्या गाडीतून इंजिन आणलं ती कधीच चेपून गेलेली! शेवटच्या रांगेत तसलीच एक सापडली, छप्पर बसलेली. मी खाली शिरायला लागले तर फिदेनं दंड धरला.

"कुके, धुळीत जाऊ नकोस. हो बाजूला."

स्वतः आडवा झाला. सेन्सर गंजून घट्ट बसलेला. आतून शिव्या — आधी सेन्सरला, मग सरकारला, मग रोहेलियोला. त्याला का, ते कळलं नाही! डबा, सेन्सर आणि वायरींचा जुडगा घेऊन बाहेर आला. बोटं सोललेली. मी रुमाल बांधला. बांधू दिला.

१५ सप्टेंबर

सगळं बसवलं, तरी इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. फिदे सकाळपासून वायरी चाचपतोय. शेवटी कळलं — पहिल्या वेळी त्यानंच दोन तोडल्या होत्या.

"तूच तोडल्यास?"

"तोडल्या. मग मीच जोडतोय ना!"

दुपारी दिवा विझला. दोघंही हसलो. किती दिवसांनी!

२४ सप्टेंबर

पास!!

मिस थाओनं दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं. "कुठं जाणार आता?"

"समुद्राकडे," मी म्हटलं.

फिदे तेव्हा दुसरीकडेच बघत होता. रात्री हिरव्या मिरचीतलं डुकराचं मटण केलं, त्याच्या आवडीचं. जेवला नाही.

२७ सप्टेंबर

परवा निघायचं. दोन पेट्या, शिलाई मशीन. संध्याकाळी फिदेनं एवढंच विचारलं — "घाटात तापली तर?"

"तर थांबेन. थंड झाली की पुढं."

"हं."

त्याला 'चल' म्हणायचं नाही, ठरवलंय. म्हणून झालंय पुष्कळदा.

२८ सप्टेंबर

सकाळी पिकअप अंगणात नाही! फिदेही नाही. रोहेलियोनंच गाडी लपवायला लावली असं वाटून त्याला नाही नाही ते बोलले. दुपारी फिदेचा फोन आला — मागे वाऱ्याचा आवाज, पक्ष्यांचा कलकलाट. "कुके, पूर्ण घाट चढली, तापली नाही. मी न बघता तुला पाठवणार होतो का? नोएमीच्या शेजारी घर आहे, आत्ताच बघितलं. मासळीचा वास येतो. दोन माणसांना पुरेल. उद्या न्यायला येतो — माझेही कपडे भर."