परसातला आडू

बुलढाणा,
चैत्र वद्य चतुर्थी

प्रिय सूनबाई जनका,

परसातल्या आडूला, त्या पहाडी पीचला, यंदा फळं धरली. तुळशीराम फौजेतून सुट्टीवर येताना कुमाऊँहून ते रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला, तेव्हा मी त्याची टर उडवली होती, की वऱ्हाडात कापूस सोडून हे कसले लाड! पण त्याचा बुलढाण्याच्या गार हवेवर भारी भरवसा. जाताना बजावून गेला, की हिवाळ्यात पानं झडली म्हणजे झाड मेलं समजू नका, पाणी कमी करा आणि फांद्या चांगल्या छाटा, छाटल्याशिवाय नवी फूट येत नाही आणि फळही धरत नाही.

पण छाटू कोण देतं? लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली, तेव्हापासून तुझी सासू तानुबाई झाडाला कुणाला हात लावू देईना. मी कात्री घेतली की आडवी यायची. "त्याच्या हातचं झाड हाय, काऊन तोडून राह्यले तुमी?" उघड्या फांद्या पाहून तिचा जीव घाबरा व्हायचा आणि ती बादल्यांवर बादल्या पाणी ओतायची. तूही तिच्या जोडीला. खोडातून डिंक गळायला लागला. मी तुम्हा दोघींवर खेकसायचो आणि पडवीत जाऊन बसायचो. माझं खेकसणं तुला ठाऊक आहे, त्यात राग थोडा आणि रडू जास्त.

तू अमडापूरला माहेरी गेलीस, आणि पौषात तुझा भाऊ हिंमतराव इथे आला. दुसरबीडच्या बिजवर मास्तरांनी तुला मागणी घातल्याचं त्याने मान खाली घालून सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "घरवाला जित्ता असला तं?" तो गेल्यावर तानुबाई दिवसभर झाडाखाली बसून होती. सकाळी तिनेच माझ्या हातात कात्री दिली. "छाटा आता. पोरीले किती दिवस अडकून ठेवता?" ती फांदी धरून उभी राहिली, मी छाटत गेलो. दोघंही रडलो, लपवत नाही. माघात उघड्या काड्यांवर गुलाबी फुलं आली. फळं लिंबाएवढी आहेत आणि तुळशीरामच्या दाढीसारखी खरखरीत.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. येत्या आखजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरू, तेव्हा वडिलांच्या घागरीशेजारी तुळशीरामच्या नावाची घागर भरणार आहे. आजवर भरली नाही. बापाचा हात उठत नव्हता, पोरी. पण मी ती भरल्याशिवाय तो गेला असं गाव म्हणणार नाही, आणि तुलाही म्हणवणार नाही. त्या दिवशी तू येऊ नकोस. तुझ्यासमोर माझ्याने ते व्हायचं नाही. हिंमतरावला होकार दे. मी दुसरबीडला जाऊन मास्तरांना पाहून आलोय, माणूस मायाळू आहे. आणि पुढच्या आखजीला साऱ्या लेकी माहेरी येतील, तेव्हा अमडापूरला दोन दिवस राहा आणि मग इकडे ये. तानुबाई कडुनिंबाला माहेरवाशिणीचा झोका बांधणार आहे. या घरात तो कधी बांधलाच नाही, आम्हाला लेक नव्हती.

तुझाच बाप,
किसनराव