चपला पहिल्या दारापाशी

आई, परवा एका नव्या संग्रहालयात गेलो होतो. इमारत देखणी आहे, पण माणसाला आपल्या मनाने हिंडू देत नाही. बाण दाखवील तिकडे चालायचं. तेव्हा तुझी फार आठवण झाली. सुरतेतलं ते नदीकाठचं संग्रहालय आठवतं ना? बाबांच्या मिलला सुट्टी नव्हती, म्हणून कतारगामच्या घरून आपण दोघंच गेलो. मी कॉलेजात संस्कृत शिकत होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. दारातच तू चपला काढल्यास. मी म्हणालो, "आई, हे देऊळ नाही." तू म्हणालीस, "मंग दार एवढं मोठं कसाले?" मी तिकिटं काढायला पुढे झालो.

आत ठेंगणा, अंधारा बोळ. नाणी, तलवारी, मोडक्या नाकाचे देव. तू प्रत्येकाला हात जोडतेस आणि मी ओळख नसल्यासारखा पुढे चालतो. काळोखाच्या टोकाला गाभारा, हे देवळांचं शास्त्र मी घोकलेलं. इथं उलटं. बोळ संपतो आणि शेवटच्या खोलीत छताच्या काचेतून ऊन थेट खाली उतरतं. त्या उन्हात बैलाची झूल, कवड्या आणि आरसे लावलेली. इमारत बांधणाऱ्याने एवढ्या अंधारातून आणून तुला नेमकं त्या झुलीसमोर उभं केलं. इथं मात्र तू हात जोडले नाहीस. "पोळाले आम्ही अशीच शिवेल व्हती, मी आन माय," एवढंच बोललीस. खानदेश सोडल्यापासून तुझ्या आईबद्दल तू कधी चकार शब्द काढला नव्हतास.

मागून गर्दी आली आणि आपण मागल्या दाराने बागेत लोटले गेलो. तू लगेच वळलीस. "माले ती परत देखनी शे." हे दार फक्त बाहेर जायचं, म्हणून पहारेकरी आडवा आला. "बेन, आ तो बहार जवानुं बारणुं छे." तू शांतपणे पायांकडे बोट दाखवलंस. "भाई, चंपल तो पेला बारणे छे." चपला पहिल्या दारापाशी राहिल्यात हे ऐकून त्याने तापलेली खडी पाहिली, तुझे अनवाणी पाय पाहिले आणि बाजूला झाला.

झुलीपुढे तू किती वेळ उभी राहिलीस. मी हळूच विचारलं, "आपण चपला घ्यायला आलोय ना?"

"घेसू ना," तू म्हणालीस, मान न वळवता.

तू गेल्यावर हे पत्र टाकायला पेटी कुठली शोधू? शब्दकोशात ठेवून देतो. परवा त्या नव्या संग्रहालयात शिरताना मीही माझी छत्री पहिल्या दारापाशी ठेवली. शेवटच्या खोलीत झूल नव्हती, तरी पहारेकऱ्याला छत्रीचं सांगून सगळ्या दालनांतून बाणांच्या उलट दिशेने, सावकाश चालत आलो. बाहेर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सकाळी घरून निघतानाही नव्हता.