पायवळणावरची थाप

३ मे

थाप—थाप. तळहाताची, पत्र्यावर.

दुपारी आडवा पडलो होतो, डोळा लागतच होता, आणि कितीतरी वर्षांपूर्वीची ती थाप कानात वाजली. रूपलीबाईची. अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढताना माझी जीप घाटातल्या त्या एका वळणावर धापा टाकू लागली की ही मागून पत्र्यावर दोनदा हात मारायची— "उतरा रे, गाडीले दम लागना." आधी स्वतः उतरायची. डोक्यावर मीठ-तेलाचं गाठोडं घेऊन चढाला लागायची. तिच्यामागे सगळी गाडी रिकामी. मी रिकामी जीप वर न्यायचो, माणसं चालत यायची. वळणाला नावच पडलं पायवळण.

एकदा म्हटलं, "बाई, तू तरी बस, एकटीचं काय वजन." तर म्हणते, "दम लागेल बैलनी गाडीमा कोणी बठत नही. मंग हाई काय येगळी?" आणि बॉनेटवर हात फिरवून पुढे गेली. जसा काही बैलच तो!

बाजाराच्या दिवशी मोलगीहून खाली उतरली की थेट आमच्या ओसरीवर. माझ्या बायकोसाठी, दगूसाठी, फडक्यात आमचूर, दगूकडून तिला कळण्याची भाकर. दोघी तासभर बोलायच्या. एकीची बोली पावरी, बाजारापुरती अहिराणी; दुसरीची नुसती अहिराणी. हसू मात्र एकाच वेळी यायचं.

दगू गेली तेव्हा रूपलीबाई आली नाही. दहाव्यालाही नाही. म्हणजे तीही गेलीच असणार. मी कोणाला विचारलं नाही. विचारून ऐकायचं काय?

५ मे

भूमिका सकाळपासून जीपखाली. नुसते पाय दिसतात. नात डिप्लोमा करून आली तेव्हा मला वाटलं, आता पोरगी टेबलखुर्चीवर बसेल. ती बसते ती इंजिनाशेजारी.

ही जीप माझ्यानंतरची, मुलाने, अमृतने घेतलेली. हिला टर्बो आहे, तरी पायवळणावर दम लागतोच. म्हणून अमृतने मोलगीची फेरी कधीच सोडली. तळोदा-नंदुरबार, सपाट रस्ता. भूमिकाने भंगारातून एक चपटी जाळी आणली आहे, रेडिएटरच्या धाकट्या बहिणीसारखी. इंटरकूलर म्हणतात.

मी विचारलं, हिचं काम काय?

"आबा, टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. तापली की विरळ होते. घास मोठा दिसतो, पण पोटात कमीच जातं."

"सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसं?"

"अगदी तसं! पप्पांना हे कळायला दोन दिवस लागले." मग म्हणाली, "ती तापलेली हवा आधी या जाळीच्या नळ्यांतून फिरवायची. बाहेरून वारा लागला की ती गार होते, घट्ट होते. तेवढ्याच जागेत जास्त मावते. मग डिझेल जास्त जाळता येतं. ताकद वाढते."

मला चौथीचे मास्तर आठवले. कविता चालीवर म्हणून घ्यायचे, आणि ओळीच्या मध्ये बोट वर करायचे— इथे श्वास घ्या रे. ही जागा चुकली की पुढचा अर्धा चरण धापा टाकतो. चाळीस पोरं एकदम श्वास घ्यायची, वर्गात वारा सुटल्यासारखा वाटायचा. भूमिकाला हे सांगितलं. ती खालूनच म्हणाली, "मग तेच करतेय, आबा. बोट वर. आता दहा-बाराचा पाना द्या."

अमृतची अट झाली आहे. जेवताना म्हणाला, "मोलगीना बाजारनी भरेल गाडी. पायवळणवर कोणी उतरनं नही पाहिजे. चढनी तर मागली पडवी तुन्ही, टाक गॅरेज. नही चढनी तर गुमान सुरतनी नोकरी."

पोरगी "चालेल" म्हणाली. मला विचारलं कोणी? सुरतेला गेलेली पोरं दिवाळीला येतात, पाहुण्यासारखी. पाणी मागून पितात.

७ मे

जाळी बसली. नळ्या बसल्या. गाडी आता शीळ घालते. मीही घातली— दात नाहीत, नुसता वारा गेला.

९ मे

गाडी थांबली. माझ्यामुळे थांबली.

घाटाच्या पायथ्याशी चहाला उतरलो. गाडी गच्च. बाजाराची माणसं, गाठोडी, मागे दोन शेळ्या. ऊन असं की चपला डांबराला चिकटत होत्या. बापलेक चहा पीत होते. मी विचार केला, पोरीला गार हवा हवी ना? मग आपल्या खानदेशात गारवा करायचा तर काय करतात? माठाला ओलं गोणपाट. खिडकीला ओलं गोणपाट. हापशावर एक गोणपाट चिंब भिजवलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर चारी कोपऱ्यांना सुतळीने घट्ट बांधलं. सांगितलं नाही कोणाला. वर पोचल्यावर सांगणार होतो. म्हटलं, या कवितेत आपलीही एक ओळ असू दे.

पायवळणाच्या अलीकडेच शीळ मंदावली. मग काळा धूर. मग तीच जुनी धाप. पत्र्यावर कोणी थाप मारली नाही, पण माणसं आपली आपण उतरली, सवयच ती. शेळ्यासुद्धा उतरल्या.

भूमिका उतरून पुढे गेली आणि तिथेच उभी राहिली.

"आबा, हे तुम्ही बांधलंत?"

गोणपाट केव्हाच सुकलं होतं. धुळीचा चिखल होऊन पापडासारखं कडक झालेलं. वाऱ्याला आत शिरायला फट नाही. गारवा वाऱ्याने होणार होता, आणि मी वाराच अडवला. पोरीच्या गाडीचं नाक-तोंड दाबलं आणि वर म्हटलं, पळ!

एक पाड्यावरचा गडी चालता चालता म्हणाला, "बाबा, गाडीले गोधडी पांघराडी का?" सगळे हसले. अमृतही हसला. भूमिका हसली नाही. सुतळीच्या गाठी सोडत राहिली. गाठी मी चांगल्याच मारल्या होत्या.

१० मे

सुरतेहून फोन येऊन गेला, पहिल्या तारखेला हजर व्हा.

पाण्याला गेलो तर माझ्या माठाला तेच गोणपाट गुंडाळलेलं. धुऊन, भिजवून. भूमिका मागून म्हणाली, "त्याची जागा ही, आबा." आणि मग हसली. इतकी की खाली बसली. मीही बसलो.

रात्री अमृत उशाशी आला. "हाई हार तुमनी शे, तिन्ही नही. पुढला बाजार देखू. पण तुम्ही घर ऱ्हायज्यात." माझाच मुलगा, पण भला माणूस आहे.

१४ मे

भूमिकाने नळीचा एक पट्टा बदलला. मला जीपपासून चार हात लांब खुर्ची टाकून दिली आहे. "इथून कविता म्हणा." म्हटल्या. आवाज अजून चालीत राहतो. श्वासाच्या जागा मात्र वाढल्या आहेत.

१६ मे

उजाडता गेले. गाडी गच्च भरलेली. भूमिकाने जाताना माझे हात तपासले, सुतळी नाही ना म्हणून.

दुपार. अमृतचा फोन लागत नाही. घाटात कधी लागला आहे?

माठातलं पाणी गार आहे. दगूच्या फोटोशी बोललो— पोरगी राहिली तर तुझी ओसरी पुन्हा बोलायला लागेल गं. गेली तर मी आणि हा माठ.

ऊन कललं. पायवळणावर कुठलं मोकळं गोणपाट उडून गाडीच्या जाळीवर बसलं नसेल ना! काहीही सुचतं.

दिवेलागण

थाप—थाप. मला वाटलं, पुन्हा कानच. पण थाप दारावर होती.

उघडलं. रूपलीबाई. वाकलेली, हातात काठी, काखेत फडकं. जिवंत! मागे जीप, आणि भूमिका तिचा दंड धरून.

"तुन्हा आंडोरनी, अमृतनी गाडी बाजारमा उनी," म्हणाली. "उतरनारासना पाय देखात मी. कोन्हाच पायवर धूळ नव्हती." गुडघ्यावर हात ठेवला. "गुडघा गयात मन्हा. खाले उनू असतू, पण पायवळण चढतू कशी? आन दम लागेल गाडीमा मी बठत नही. म्हणीसन दगूकडे येवाले नही जमनं."

भूमिका मागची पडवी झाडायला निघून गेली.

रूपलीबाई ओसरीवर तिच्या जागी बसली. दगूच्या जागी आमचुराचं फडकं ठेवलं.

"सकाळी परत जासू," म्हणाली. "पायी नही. बठीसन."